लालमामाची जागा

टक्.

आवाज एवढासाच, पण नुकत्याच झोपलेल्या बाळाच्या कानाशी झाला की त्याची तोफ होते. तिने श्वास रोखला. कुशीतल्या गोळ्याने एक डोळा किलकिला करून आईच्या चेहऱ्यावर खाण्यासारखं काही आहे का ते पाहिलं आणि पुन्हा मिटला. तो होताच असा, सगळीकडून गोल, म्हणून गोळा. मग तिने मान न हलवता, नुसत्या नजरेने शोध घेतला. समोरच्या लाकडी भिंतीतला एक चौकोन बोटभर उघडला होता आणि आतून इस्त्रीचं टेबल डोकावत होतं.

'काय हे घर,' ती मनात म्हणाली, 'माणसं झोपली की हे जागं!'

घर म्हणजे गाडी. एके काळी ती दुकानोदुकानी पाव पोचवायची. बेकरीने मोडीत काढल्यावर तिच्या नवऱ्याने ती रिकामी आणून अंगणात उभी केली आणि दोन उन्हाळे खपून आतून तिचं फिरतं घर केलं. पत्रा तापला की अजूनही भाजलेल्या पावाचा वास यायचा आणि शेजारची मांजर दाराशी येऊन आशेने बसायची.

नवरा फर्निचर करायचा. हात सोन्याचे, खोड एकच: त्याच्या कपाटाला मूठ नसे. कडी नाही, खाच नाही, काही नाही. गुळगुळीत फळी. योग्य जागी बोट दाबलं की टक्, आणि दार आपणहून पुढे यायचं. "वस्तू दिसायला लागल्या की घर आरडाओरडा करतं," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि गिऱ्हाइकं माना डोलवून घरी जाऊन आपलेच कपडे शोधत बसायची. गाडीतही तेच. टेबल होतं, दिसत नव्हतं. कचऱ्याचा डबा होता, दिसत नव्हता. नवख्या माणसाला वाटावं, इथे एखादा बैरागी राहतो.

ती स्वतः लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या हातात चाक आणि तिच्या पायाखाली दुसरा ब्रेक. तो ब्रेक वर्षानुवर्षं दाबून दाबून तिच्या अंगातच भिनला होता. जेवताना पाच वर्षांच्या टिकलीने गरम वाटीकडे हात नेला, की टेबलाखाली आईचा पाय आपोआप दाबला जायचा. "संसार मी चालवतो," नवरा चारचौघांत म्हणायचा, "थांबवते ही."

आणि सध्या तिने फिरतं घर थांबवून ठेवलं होतं.

त्याला कारण घडलं होतं. गाडीतला पहिला स्वयंपाक म्हणून तिने हौसेने कढई चढवली. गोळा कडेवर, टिकली मागच्या पलंगावर झोपलेली. तेल जरा जास्तच तापलं आणि कढईतून भसकन जाळ उठला, छताला चाटून गेला. नवऱ्याने शेगडी बंद केली, कढईवर झाकण ठेवलं, झालं, संपलं. वर म्हणाला, "वा, उद्घाटन झालं!" तो हसला. ती हसली नाही. कारण त्या एका क्षणात तिला दिसलं होतं, की दार या टोकाला, टिकली त्या टोकाला आणि मधोमध शेगडी.

त्या दिवसापासून तिचा पाय ब्रेकवर.

खोळंबा झाला तो आजींचा. आजी म्हणजे तिच्या सासूबाई. टिकली बोलायला लागल्यापासून घरादारासकट दूधवालाही त्यांना आजीच म्हणायचा. आजींची थोरली बहीण दूर डोंगरापलीकडे राहायची. आजींच्या कंबरेला बसचा प्रवास झेपेना, थोरलीला उंबऱ्याबाहेर पडवेना, आणि थोरलीचे कान गेल्यामुळे फोनवर दोघी दोन वेगवेगळ्या गोष्टी बोलायच्या. "गाडीत पलंग आहे, तुला आडवी झोपवून नेतो," असा शब्द लेकाने दिला होता, तेव्हापासून आजींची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. येत्या शनिवारी निघायचं ठरत होतं.

"निघू," ती म्हणाली होती, "पण गाडीत आग विझवायची सोय झाल्याशिवाय मी माझी पोरं रात्री आत झोपवणार नाही. आणि सोय म्हणजे नुसती आणून ठेवायची नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा हात डोळे मिटून तिच्यावर पडला पाहिजे. नाही पडला, तर शनिवार रद्द."

"आणि पडला तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर मी ब्रेकवरचा पाय काढला."

म्हणून सगळी वरात दुकानात गेली. दुकान मोठं गमतीचं होतं. एका भिंतीला शेगड्या, समोरच्या भिंतीला त्यांनी लावलेली आग विझवायचं सामान. मालक मधोमध खुर्ची टाकून बसलेला, म्हणजे कुठूनही गिऱ्हाईक आलं तरी त्याचंच.

"कशासाठी हवंय ताई? घर की गाडी?"

"दोन्ही," ती म्हणाली. "एकच आहे."

मालकाला चेव आला. पाण्याचा छोटा बंब दाखवला, ती म्हणाली तेलाच्या आगीवर पाणी कोण ओततं? नुसत्या वायूचा दाखवला, ती म्हणाली एवढ्याशा डब्यात आगीबरोबर आमचाही श्वास कोंडायचा. शेवटी पावडरचा निघाला. लाकूड, पेट्रोल, गॅस, वायरी, सगळ्याला चालणारा. मानेपाशी एक छोटी तबकडी, तिचा काटा हिरव्यात असला म्हणजे भरलेला.

"पावडर उडाली की सगळीकडे पसरते हं," मालकाने प्रामाणिकपणे सांगितलं. "महिनाभर खाकरत झाडाल."

"खाकरायला माणसं शिल्लक राहतील ना? मग द्या."

नवरा इतका वेळ त्या लालभडक नळकांड्याकडे असा पाहत होता, जणू ते त्याच्या घरी भाडेकरू म्हणून येणार होतं. "याच्यात लाकडाच्या रंगाचा नाही येत?" त्याने हळूच विचारलं.

"साहेब, लाकूड जळतं," मालक म्हणाला.

"किती देऊ, ताई?"

"पाच."

आजींनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, आपण माझ्या बहिणीकडे चाललोय की लंका जाळायला? माणसं पाच आणि नळकांडीही पाच?"

"माणशी एक," ती ठाम. वर, कढईतल्या जाळावर टाकायची एक जाड, न जळणारी चादरही तिने घेतली.

टिकलीने एक नळकांडं उराशी धरून बघितलं. गोल डोकं, लाल पोट, काळी सोंड. "हा लालमामा," तिने जाहीर केलं. बारसं तिथेच झालं.

घरी आल्यावर मामांची स्वारी कुठे बसणार यावरून जुंपली. तिचं म्हणणं, दाराशी, उघड्यावर. नळकांड्यावर लिहिलेलं तिने टिकलीला मोठ्याने वाचून दाखवलं होतं: पाठ दाराकडे ठेवून विझवा. म्हणजे विझली नाही तर वळून पळता येतं. शेगडीच्या डोक्यावर तर मुळीच टांगायचा नाही, कारण तो घ्यायला जाळातच हात घालावा लागेल.

दाराशी म्हटल्यावर नवऱ्याचा चेहराच पडला. दाराशेजारची फळी त्याच्या काळजाचा तुकडा होती. एकाच अक्रोडाच्या ओंडक्याचे दोन काप पुस्तकाची पानं उघडावीत तसे उघडून जोडलेले. दोन्हीकडच्या रेषा एकमेकींकडे आरशात पाहिल्यासारख्या बघत होत्या.

"त्या फळीवर हा तांबडा बाटला?" तो कळवळला. "नव्या नवरीच्या कपाळावर पोस्टाचा शिक्का मारल्यासारखं दिसेल गं!"

"दिसू दे."

"मी दाराशीच बसवतो. अगदी दाराशी. फक्त... जरा आत. तू काळजी करू नकोस. बोट लावलं की बाहेर."

तिला त्या दिवशी दोन शिकवण्या होत्या आणि गोळ्याला दात येत होते. ती "बरं" म्हणून गेली. ब्रेकवरचा पाय जरा सैल सुटला तो एवढाच.

दोन दिवस गाडीतून खरखर, ठकठक ऐकू आलं. गुरुवारी चहाच्या सुमाराला त्याने तिला हात धरून नेलं. भिंती कोऱ्या करकरीत. लालमामा कुठेच नाहीत.

"आहेत," तो छाती फुगवून म्हणाला. "दिसतात का?"

"नाही."

"तेच तर!"

ती गोळ्याला घेऊन दारात उभी राहिली. नवरा मधल्या बोळात चहा घेत होता, आजी बाकावर विणत होत्या, टिकली मागच्या पलंगावर चित्रं काढत होती. तिने खिशातला लाल फडका काढला, बंद शेगडीवर टाकला आणि शिकाऊ माणसाला ऐनवेळी थांबवताना काढायची त्या आवाजात ओरडली, "आग!"

पुढे जे झालं ते सांगण्यापेक्षा बघण्यासारखं होतं.

आजी पहिल्यांदा उठल्या, दारापर्यंत आल्या आणि परत फिरल्या.

"आजी, कुठे निघालात?"

"दातांची डबी राहिली! दातांशिवाय थोरलीला तोंड कसं दाखवू?"

नवऱ्याने कप ठेवला आणि रुबाबात अक्रोडाच्या फळीशेजारी बोट दाबलं. टक्. इस्त्रीचं टेबल गुडघ्यावर आदळलं. "हां, हे नाही." त्याखाली दाबलं. टक्. चपला. डावीकडे दाबलं, टक्, जेवणाचं टेबल धाडकन पोटाशी उघडलं. "थांब, थांब, मला माहितेय. मीच केलंय ना!" असं म्हणत त्याने दोन्ही हातांनी भिंत चाचपायला सुरुवात केली, एखाद्या रुसलेल्या म्हशीला थोपटावं तशी.

"बाबा, अजून एक! अजून एक!" टिकली पलंगावर उड्या मारत टाळ्या पिटू लागली. तिला वाटलं जादूचे प्रयोग चाललेत.

टक्. टॉवेल. टक्. कचरा. मग चाचपत आत सरकताना त्याचा कोपर वरच्या कुठल्याशा जागेला लागला आणि पाहुण्यांसाठीचा घडीचा पलंग वरून सरळ खाली आला. बोळ बंद. पलीकडे नवरा आणि टिकली. अलीकडे ती, गोळा आणि दातांची डबी छातीशी धरलेल्या आजी.

"सापडला का?" पलंगामागून आवाज आला.

"आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी म्हणतात ना," आजी धापा टाकत म्हणाल्या, "त्या लोकांना निदान बंब सोमेश्वरात आहे एवढं तरी ठाऊक होतं! बाई बाई, दमले मी." आणि त्या मागे भिंतीला टेकल्या.

टक्.

"अगं, मला मागून कोण ढकलतंय?"

आजींच्या कंबरेमागून दार उघडलं होतं आणि आत, मऊ अस्तराच्या कोनाड्यात, दागिन्यासारखे लालमामा उभे होते.

आजी हसल्या, टिकली हसली, कोण हसतंय न कळून गोळाही हसला. पलंगामागे नवरा ओशाळं हसला. ती मात्र त्या आडव्या पलंगाकडे बघत राहिली. त्याच्यावरून टिकलीची फक्त वेणी दिसत होती, वरखाली उडणारी. बाजूने पलीकडे जायला फट नव्हती. तिने फट शोधून पाहिली. खरंच नव्हती.

"शनिवार रद्द," ती म्हणाली. आवाज चढला नाही, म्हणूनच टिकलीच्या उड्याही थांबल्या.

आजींनी दातांची डबी खिशात टाकली आणि त्या घरात गेल्या. थोड्या वेळाने आतला फोन वाजला. थोरली फोनवर ओरडूनच बोलायची, तिच्यासाठी आजीही, सगळं अंगणात ऐकू यायचं.

"निघालात का गं?"

"अजून नाही, ताई."

"काय? निघालात? बरं झालं! मी खाटेवर नवी चादर घातलीय. खिडकीशी तुझी जागा!"

"ताई, ऐक, जरा लांबतंय..."

"हो हो, लांब आहे, माहितेय. सावकाश या. मी दाराशीच बसते."

 मग आजी म्हणाल्या, "बस हं. येतोच," आणि फोन ठेवला.

गाडीत नवरा पलंगाची घडी घालत होता. ती टेबलं मिटवत होती. दोघांच्या मधे तोच आवाज: टक्, टक्, टक्.

"मी भिंत करत होतो," तो एकदम म्हणाला. "भिंतच करत बसलो गं. टिकली पलीकडे अडकली आणि मी हात फिरवतोय लाकडावर."

"मीही 'बरं' म्हणून गेलेच की," ती म्हणाली. "शिकाऊ माणसाला मी कधी नुसतं 'बरं' म्हणते का?"

तो खाली उतरला आणि ड्रिलचं यंत्र घेऊन आला. अक्रोडाच्या फळीसमोर उभा राहिला. तिच्यावरून एकदा हात फिरवला, लेक सासरी पाठवताना बाप फिरवतो तसा.

"कुठे?"

तिने गोळ्याला त्याच्याकडे दिलं, दारात पाठ करून उभी राहिली, डोळे मिटले आणि हात सहज बाजूला टाकला. जिथे पडला तिथे त्याने पेन्सिलची फुली मारली. नेमकी दोन पानांच्या जोडावर.

"तिथेच?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"हात तिथेच जातोय."

मग आजींना बोलावलं. आजींचा खांदा दुखरा, हात फुलीपर्यंत पोचेना. फुली खाली आली. मग टिकलीला टाचा उंचावून हात वर करायला लावलं, कारण मामांच्या मानेतली पिन तिच्या बोटांना लागता कामा नये. फुली वर गेली. आजींचा खांदा आणि टिकलीची बोटं यांच्या मधे जेमतेम वीतभर फळी उरली. त्या विताएवढ्या जागेत लालमामा बसणार होते. तिघा मोठ्यांनी डोळे मिटून हात टाकून पाहिले, तिन्ही तिथेच पडले.

"माझ्या म्हातारपणाच्या नि तुझ्या वाढीच्या मधली जागा," आजी टिकलीला म्हणाल्या. "दर वर्षी उंची मोजायला लागेल."

यंत्र घरघरलं. अक्रोडाचा भुसा नवऱ्याच्या पापण्यांवर बसला. डोळ्यांत पाणी आलं ते भुशामुळे, असं तो म्हणाला आणि कुणी वाद घातला नाही. लोखंडी पट्टीचा पक्का आकडा बसला, जोरात ब्रेक लागला तरी मामा उडून कुणाच्या डोक्यावर यायला नकोत. दुसरा मामा पलंगाच्या उशाशी, तिसरा चालकाच्या सीटजवळ. ती चादर शेगडीपासून हातभर दूर खिळ्याला. पलंगावरच्या खिडकीच्या बिजागऱ्या उलट्या केल्या, म्हणजे ती ढकलली की पूर्ण बाहेर उघडेल. आणि घडीच्या पलंगाला त्याने आयुष्यातली पहिली कडी लावली. उघडी, पितळी, कुणालाही दिसणारी. लावल्यावर दोन पावलं मागे जाऊन तिच्याकडे तिरका बघत राहिला.

"वाईट नाही दिसत," तो म्हणाला.

"ओरडतेय का?"

"जरा कुजबुजतेय."

उरलेल्या दोन मामांपैकी एक घरच्या स्वयंपाकघरात गेला. दुसऱ्याकडे बघून तिने विचारलं, "तुझ्या कारखान्यात आहे का रे एखादा?" तो भुशाच्या, रंगाच्या आणि वॉर्निशच्या डोंगरात बसून गेली कित्येक वर्षं काम करत होता. तो मान खाजवायला लागला. "म्हणजे माझं पाचाचं गणित बरोबरच होतं," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तिने पुन्हा फडका टाकला. या वेळी कुणाला काय करायचं ते आधीच पढवलेलं होतं. बाबांनी गोळ्याला काखेत मारायचं, आजींना हात द्यायचा, बाहेर पडून मागच्या खिडकीखाली जायचं. टिकलीने खिडकी ढकलून बाबांच्या हातात उडी टाकायची. सगळ्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खांबाशी जमायचं. आणि आईने दाराकडे पाठ करून मामांना हातात घ्यायचं.

"आग!"

नवरा उठला, गोळा काखेत, आजी पुढे. आजींचा हात खिशाकडे गेला. "डबी खिशातच आहे!" त्या स्वतःलाच ओरडल्या आणि थेट पायऱ्या उतरल्या. मागे खिडकी खाडकन उघडली, टिकली "बाबाऽऽ" करत झेपावली आणि त्याच्या मोकळ्या हातावर येऊन गळ्यात पडली.

आत ती एकटी उरली. तिने डोळे मिटले. हात बाजूला टाकला. थंड, गुळगुळीत मान मुठीत आली. पाठीला दारातून आलेलं ऊन लागत होतं. खोट्या आगीच्या बुडाशी नेम धरून तिने डावीकडून उजवीकडे नुसतीच हवेत सोंड फिरवली. कुठेही टक् झालं नाही. सगळं जिथल्या तिथे, उघडं, दिसणारं. मग तिला कळलं की तिचा पाय जमिनीवर सहज टेकलेला आहे. काही दाबत नाहीये.

ती बाहेर आली. खांबाशी सगळे उभे होते, धापा टाकत, एकमेकांकडे बघत, शर्यत जिंकल्यासारखे.

तिने बोट पुढे करून मोजलं. आजी. बाबा. बाबांच्या काखेतला गोळा, उलटा लोंबकळणारा आणि खूश. टिकली.

"चार," ती म्हणाली. "सगळे आले. आजी, थोरल्या मावशींना फोन करा. उद्या सकाळी निघतोय."

"आधी दात लावते," म्हणत आजी घराकडे धावल्या. तशा धावताना त्यांना कुणी बरीच वर्षं पाहिलं नव्हतं. नवऱ्याने गोळ्याला सरळ केलं आणि पेट्रोल किती आहे ते बघायला निघून गेला.

टिकली मात्र खांबाशीच उभी होती. तिने आपली बोटं एकेक करून मिटली होती, चार मिटली, अंगठा तसाच वर राहिला होता. त्या अंगठ्याकडे ती कपाळाला आठ्या घालून बघत होती. मग तिने मान वर केली.

"आई, तू सगळ्यांना मोजतेस. तुला कोण मोजतं?"